बाजारातले बोरसोक

वर्णन

नारीन गावातल्या शाळेत झुमागुल बाई तिसरीला परिच्छेदांचे प्रकार शिकवत होत्या. "वर्णनात जे दिसतं ते सांगायचं. सेझिम, वाच बघू."

"शेवटच्या बाकावर एक आजी बसली आहे. तिच्या डोक्याला पांढरा रुमाल आहे. डाव्या अंगठ्याला नख नाही."

"ए थापाडे, तिथे आमची दप्तरं आहेत!" पोरं खिदळली.

बाई हसल्या नाहीत. हिवाळ्यात गेलेल्या त्यांच्या आईच्या डाव्या अंगठ्याला नख नव्हतं. सेझिम तर गावात आली वसंतात.

कथन

"आता काय घडलं ते सांग," बाई कशाबशा म्हणाल्या.

"आजी दर गुरुवारी लेकीच्या दारात जाते. घरात तेल तापलेलं नसतं. मग उपाशीच परत फिरते."

गुरुवारी घरी येणाऱ्या मेलेल्या माणसाला तळणीचा वासच पोचतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाई मात्र दमून घरी जात, म्हणून गुरुवारी बाजारातून कणकेचे तळलेले बोरसोक आणत, दुआ म्हणत आणि शेजारीपाजारी वाटत. वास बाजारातच राहत होता.

मत

"मताला कारण द्यायचं ना, बाई?"

"हो."

"मग, बोरसोक घरीच तळावेत. कारण आजी थकली आहे. तिला बाजारापर्यंत चालवत नाही."

त्या दिवशी गुरुवारच होता. शेवटच्या बाकाकडे न बघता बाई वर्गातून निघाल्या. घरी पोचताच त्यांनी कढई चढवली आणि दार सताड उघडं ठेवलं.