शिकवलेला चेहरा

मी एक तार बोलतेय. वीतभर लांब, करड्या रंगाची, निकेल आणि टायटेनियम या दोन धातूंच्या पोटची. दिसायला अगदी सामान्य. मला गुंडाळून पिशवीचं तोंड आवळलंत तरी तुम्हाला काही वेगळं जाणवणार नाही. पण आमच्या जातीला एक खोड आहे. भट्टीत जो आकार शिकवला, तो आम्ही सोडत नाही. गार असताना वाट्टेल तशी वाकवा, मुकाट्याने वाकू. गरम पाणी लागलं की पुन्हा त्याच आकारावर.

लोकांना याचं फार कौतुक. मला कधी वाटलं नाही. एकच गोष्ट जन्मभर धरून बसायची, याला हुशारी म्हणायचं की हट्ट, ते तुम्हीच ठरवा.

मला शिकवलं रेनो कांगासने. अमेरिकेत, उत्तरेकडच्या गारठ्यातल्या डुलुथ गावी, एका लहानशा कॉलेजात तो धातूंची प्रयोगशाळा सांभाळायचा. त्याची बायको साइमा शाळेत साहित्य शिकवायची, म्हणजे मुख्यतः पोरांच्या मानगुटीवर बसून कविता पाठ करून घ्यायची. रेनो तिला चिडवायचा, "तुझी पोरं उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं विसरतात. माझी तार बघ, जन्मात विसरायची नाही."

"तिला अर्थ कळतो का पण?"

"तुझ्या पोरांना तरी कुठे कळतो?"

त्यांची मुलगी हेल्मी तेव्हा सहा वर्षांची होती. एकदा भिंतीवर तिची सावली पडली होती, तर साइमाने तिथे कागद धरून पेन्सिलीने तिचा एका बाजूचा चेहरा उतरवून घेतला. कपाळ, बसकं नाक, पुढे आलेला ओठ, हनुवटी. रेनोने त्या रेषेबरहुकूम लोखंडी पाटीवर खिळे ठोकले, त्यांच्यामधून मला करकचून ताणलं आणि पाचशे अंशांच्या भट्टीत सारलं. शिकणं म्हणतात ते हेच असावं. बाहेर आले तेव्हा मी हेल्मीचा चेहरा झाले होते.

मग रोज नाश्त्याला तोच खेळ. रेनो मला चुरगाळून कॉफीच्या कपात टाकायचा, आतून चेहरा वर यायचा आणि हेल्मी किंचाळायची. साइमा मला पुसून कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवायची. तेवढं झाल्याशिवाय वेलचीचा पाव कुणाला मिळत नसे.

हेल्मी मोठी झाली, नोकरीसाठी ॲरिझोनाला गेली. मी खणात पडले, जुन्या किल्ल्या आणि रबरबँडांच्या सोबतीला. किती वर्षं ते मोजलं नाही.

मग साइमा विसरू लागली. आधी गॅसवरची किटली, मग कविता, मग नावं. रेनो तिच्यासमोर हेल्मीचे फोटो ठेवायचा. "गोड आहे हो मुलगी. कुणाची?" असं म्हणून ती ते अदबीने बाजूला सारायची. हेल्मी सुट्टीत आली, तर आईने तिला पाहुणी समजून खुर्ची दिली.

एका सकाळी किल्ली शोधताना रेनोला मी सापडले. जुन्या सवयीने त्याने मला कॉफीत टाकलं. साइमाने मला उचललं. तिचं लक्ष खिडकीकडे होतं, पण बोट आपलं आपण कपाळावरून निघालं आणि नाकाशी थांबलं.

"हेल्मी," ती म्हणाली. "बसकं नाक माझ्या पोरीचं!"

रेनो टेबलावर डोकं टेकून रडला.

तेव्हापासून हेल्मी आली की साइमा आधी मला चाचपायची, मग तेच बोट हेल्मीच्या कपाळावरून खाली आणायची. "अगं, तूच की! कधी आलीस? जेवलीस का?" पुढचा अर्धा तास हेल्मीला आई असायची. माझ्या जन्माचं सार्थक काय ते एवढंच.

गेल्या हिवाळ्यात रेनो गेला. त्याची ती खिळ्यांची पाटी प्रयोगशाळा बंद झाली तेव्हाच भंगारात गेली होती, आणि पेन्सिलीचा कागद तर कधीचाच हरवला होता. आता तो चेहरा फक्त माझ्यात होता. हेल्मी नोकरी सोडून घरी आली. ती मला रोज गरम पाण्यात घालायची, पण अर्ध्या तासाची दहा मिनिटं झाली, दहाची दोन. मग बोट नाकाशी थांबायचं, पण ओठ गप्प राहायचे.

"ऊब मिळाली की तारेला आठवतं," असं रेनो म्हणायचा. हेल्मीने ते मनाशी धरलं. जास्त ऊब, जास्त आठवण. फार तापलो की आम्ही जुनं टाकतो आणि दाबून धरलेला आकार नव्याने शिकतो, हे त्याने विद्यार्थ्यांना शंभरदा सांगितलं असेल. घरी कोण सांगतं?

इकडे शनिवारी सॉना, म्हणजे वाफेची आंघोळ, झाल्याशिवाय आठवडा संपला असं कुणी मानत नाही. घरामागे लाकडी खोली, आत भट्टी, भट्टीवर दगडांचा ढीग. तिथे साइमा अजून पूर्वीची होती. दगडांवर किती पाणी मारायचं, हे तिच्या हाताला बरोबर माहीत होतं. हेल्मीला वाटलं, आईला इथे हे आठवतं तर आपणही आठवू. खाली आगीत पडू नये म्हणून तिने मला दुमडून, चिमट्याने दगडांच्या खोल सांदीत घट्ट दाबलं, भट्टीच्या लालबुंद पत्र्याला लागून.

"थांब हं आई, आता हेल्मी येईल."

"कोण हेल्मी?"

"येईल ना. जरा तापू दे."

"मग घाल की दोन लाकडं. कंजूष कुठली!"

कितीतरी दिवसांनी आई अशी बोलली होती. हेल्मी हसली आणि तिने चार लाकडं घातली.

मी उठायची धडपड केली. कपाळाला वर यायचं होतं, वर दगड होता. सगळा जोर लावला. दगड हलला नाही. मग जोरच ओसरला. सांगायला लाज वाटते, पण काही दुखलं नाही. विसरताना दुखत नाही.

निवल्यावर हेल्मीने मला बाहेर काढून गरम पाण्यात सोडलं. होतं नव्हतं ते बळ एकवटून मी आठवलं, आणि झाले एक वाकडा आकडा, सांदीत दाबली होती तसाच. तिने पाणी आणखी तापवलं. पुन्हा आकडाच. मग ती आरशासमोर बसली आणि स्वतःचा चेहरा बघत मला हाताने वळवू लागली. पण ते सहा वर्षांचं नाक आरशात कुठून मिळणार?

साइमाचं बोट माझ्यावरून फिरलं आणि कुठेही न थांबता खाली उतरलं.

"छान आहे हो," ती म्हणाली. "तुम्ही केलंत? पण निघा आता. घरी तुमची आई वाट बघत असेल."

"हो, निघते," हेल्मी म्हणाली आणि तिथेच बसून राहिली.

मला वाचवा म्हणायचा हक्क मला नाही. फेकून द्या, चालेल. फक्त पुन्हा गरम पाण्यात घालू नका. मी तो वाकडा आकडा तितक्याच इमानाने आठवते, आणि हेल्मी दर वेळी कपावर वाकून बघत असते.