घरच्या पायाळूचा पाय

वच्छला पायाळू होती. जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले होते, आणि अशा माणसाचा पाय कंबरेला लागला की उसण जाते, हे खुर्सीपारच्या मजूरवस्तीत कोणाला सांगावं लागत नव्हतं. नव्या कारखान्याच्या भट्टीच्या पायव्यावर घमेली वाहून अवघडलेली माणसं सकाळी तिच्या दारात पालथी पडत. ती हळूच लाथ मारी आणि माणसं उठून कामावर जात. सगळे तिच्याकडे येत, एक तिचा नवरा सोडून.

भाऊराव त्याच कारखान्याच्या बांधकामावर खलाशी, म्हणजे दोरखंडानं अवजड लोखंड वर चढवणारा, होता. लोखंडी तुळई चढवताना पाय सटकून तो एका कुल्ल्यावर आपटला, तेव्हापासून उजवीकडे, कंबरेच्या खाली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत होतं. वर्ष होत आलं. आणि हा बाबा लाथ खायला जायचा कुठं, तर शेजारच्या मथुराकडे! मथुराही पायाळूच, गोंदियाकडची, आणि वरून हसरी. तिचं हसू तट्ट्याच्या भिंतीतून सरळ वच्छलाच्या चुलीपर्यंत येई.

"घरात पायाळू असून शेजारी कावून जाता?" तिनं विचारलं होतं.

"बायकोचा पाय नवऱ्याले लागू नये. पाप लागते तिले."

"दवाईले कायचं पाप?"

तो उठून बाहेर गेला. चोराच्या मनात चांदणं, असं वच्छलानं धरलं आणि पाळत ठेवली. मथुराकडे जाताना तो कमी लंगडतो, येताना जास्त. पाणी भरायला सांगितलं की दुखणं वाढतं. जेवायला बसला की डावीकडे कलतो, आणि मथुराचं घर डावीकडेच! संशय घरात शिरला की त्याला पाट आपणच मांडून देतो.

शेवटी ती म्हणाली, "इतकं दुखते, त आपरेशनच करून टाका."

सुईला घाबरणारा माणूस चाकूचं नाव निघताच ठणठणीत होणार, अशी तिची खात्री होती. पण भाऊराव म्हणाला, "चाल."

दवाखान्यातल्या बंगाली डॉक्टरनं हिंदीत नीट समजावलं. पाठीचा कणा जिथं कमरेच्या हाडाला जोडलेला असतो, तो सांधा दुखावलाय. पट्टा घट्ट बांधायचा, रोज व्यायाम करायचा, ओझी उचलायची नाहीत. बहुतेकांना त्यानंच उतार पडतो. ऑपरेशन म्हणजे हाडाचा तुकडा बसवून तो सांधा कायमचा जाम करायचा आणि महिनोन् महिने प्लास्टरमध्ये पडून राहायचं. एवढं करूनही दुखणं जाईलच असं नाही.

"जल्दी क्या है? पहले पट्टा."

"नाई साब," भाऊराव म्हणाला. "चीर दो."

वच्छलाच्या मनात पाल चुकचुकली. सोपा रस्ता सोडून हा चाकू का मागतो? दवाखान्यात पडून राहिला की मथुरा डबा घेऊन येणार, हेही तिनं मनातल्या मनात रचून टाकलं.

डॉक्टरनं सांधा तपासायला त्याला कुशीवर वळवलं आणि वरच्या खुब्यावर दोन्ही हातांनी भार दिला. भाऊराव ओरडला नाही. त्यानं स्वतःचं मनगट दातांत धरलं. डॉक्टर बाजूला झाला तेव्हा मनगटातून रक्त येत होतं.

"पट्ट्यानं भागते म्हनते न डागदर," वच्छला चाचरत म्हणाली. "मंग कावून चिरून घेता?"

"पट्टा बांधला त तू म्हनशीन, सोंग करून राहिला. चिरल्यावर टाके त दिसतीन तुले."

वच्छलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वतःची इतकी लाज तिला कधीच वाटली नव्हती. ती डॉक्टरकडे वळून म्हणाली, "साब, पट्टा दो."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊराव सतरंजीवर पालथा पडला. नुसत्या हातानं ओढून पट्टा आवळेना. वच्छलानं पाय उचलला, थोडी थांबली, मग त्याच्या कंबरेच्या बऱ्या बाजूला टेकवला आणि पट्टा ओढला.

"पाप लागंन वं तुले," तो सतरंजीत तोंड खुपसून म्हणाला.

"लागू द्या. केलं त्याहून मोठं नसंन."

तिनं बंद अडकवला, पण पाय काढला नाही.

"लई दुखते का हो?" तिनं विचारलं. वर्षभरात हे तिनं पहिल्यांदाच विचारलं होतं.

भाऊराव रडायला लागला.