टर्नबुलांचं कुंपण

“व्हर्जिनी, माझी झाडं सोडून चालव!” पालिकेचा अध्यक्ष वॉलेस टर्नबुल नुसत्या मोज्यांवर धावत आला.

व्हर्जिनी देलोर्मनं रस्ता सपाट करायचा ग्रेडर थांबवला, बंद केला नाही. पालिकेचे रस्ते वर्षानुवर्षं तीच खरवडत आली होती. हिवाळ्यात बर्फ, उन्हाळ्यात खडी.

“हुकूम तुमचाच आहे, साहेब. पालिकेच्या पंच्याहत्तरीला पाहुणे येणार, रस्ता हद्दीच्या खुंटीपासून खुंटीपर्यंत मोकळा करा. काल कोवाल्चुक म्हातारीच्या कुंपणाची तार उपटली, तेव्हा हसत होतात.”

“तार वेगळी. हे झाडांचं कुंपण आजोबांनी लावलंय.”

“कशावर लावलंय, तेही ठाऊक आहे मला.”

ठाऊक सगळ्यांनाच होतं. रस्त्यासाठी राखलेल्या या पट्टीवर मेटिसांची, व्हर्जिनीच्या माणसांची घरं होती. अर्धे फ्रेंच, अर्धे क्री आदिवासी, म्हणून कुणाचेच नाहीत. तेव्हाचा अध्यक्ष होता याचा आजा. ‘जागा रस्त्याची आहे’ म्हणत त्यानं घरं पेटवली, आणि रस्ता राहिला बाजूला, त्या राखेत स्वतःचं कुंपण लावलं. आता चौकात इतिहासाचा दगड बसवलाय: आधी स्कॉट आले, मग युक्रेनी, मग जर्मन. त्याआधी म्हणे नुसतं गवत होतं. पहिल्या हिवाळ्यात उपाशी टर्नबुलांना सुकं मांस त्या गवतानंच खाऊ घातलं असणार!

“सूड उगवतेस काय?”

“मग काय, हौस आलीय मला?”

“नोकरी जाईल!”

“जाऊ दे. आधी ही झाडं जाऊ देत.”

पातं खाली आलं. मुळं तडतडली. टर्नबुल आडवा उभा राहिला, शिव्या दिल्या आणि मुकाट्यानं बाजूला झाला. त्याच्या घराण्याची हिंमत दुसऱ्याच्या घराला काडी लावण्यापुरतीच.

दुपारी व्हर्जिनीनं फिलोमेन मावशीला आणलं. घरं जळाली तेव्हाच्या पोरांपैकी तेवढी एकच उरली होती.

“मावशी, आपलं घर कुठं होतं गं?”

म्हातारी काठी टेकत उकरलेल्या मातीतून फिरली. चूल नाही, विहीर नाही.

“काय सांगू, पोरी! मी आगीकडं बघत होते. जागेकडं कोण बघतंय?”

मग डोक्याचा रुमाल सोडून तिनं मातीवर अंथरला आणि बसली.

“आजी, हा रस्ता आहे,” टर्नबुल म्हणाला. “इथं बसता येत नाही.”

“उठव.”

तो जागचा हलला नाही. धान्याचा एक ट्रक आला, थबकला, आणि हॉर्न न वाजवता म्हातारीला वळसा घालून टर्नबुलच्या गव्हातून निघून गेला.