खणात ठेवलेला अलार्म

मित्रांनो, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात एका घराच्या जिन्यापाशी, छताला चिकटून मी बसलेला असतो. बशीएवढा गोल, एके काळी पांढरा आणि आता पिवळट पडलेला असा मी एक अलार्म आहे. धूर झाला की मी ओरडतो. आणखी एक विषारी वायू असतो, कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला तो कळत नाही, मला कळतो. तेवढ्यासाठीच मला बनवले आहे.

माझ्या जन्माचे सांगण्यासारखे फारसे काही नाही. कारखान्यात एक बाई आमची बटणे दाबून पाहत होती. जो ओरडला तो खोक्यात गेला, जो गप्प राहिला तो टोपलीत. मी ओरडलो. मग माझ्या पाठीवर एक तारीख छापली गेली. त्या तारखेनंतर आमच्यावर विसंबायचे नसते. आम्हाला दहा वर्षे मिळतात. माझी येत्या मे महिन्यात संपतात.

मला सुजाताबाईंनी आणले. त्या, त्यांचे यजमान रामभाऊ आणि मुलगी उपासना नुकतीच व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नहून इथे राहायला आली होती. मूळची माणसे नागपूरची. इतक्या बर्फाची कोणालाच सवय नव्हती.

पहिल्याच वादळात फजिती झाली. गाडीच्या काचेवर बर्फ बसू नये म्हणून सुजाताबाईंनी तिच्यावर आपली जुनी निळी सुती साडी पसरली. साडी नुकतीच धुतलेली होती, जरा ओलसर होती. सकाळी ती काचेला अशी चिकटली की ओढताना फाटली आणि अर्धी काचेवरच राहिली.

"आता गाडीला साडी नेसवूनच ऑफिसला जातो," रामभाऊ म्हणाले.

"जा. निदान गाडी तरी नीट दिसेल," सुजाताबाई म्हणाल्या.

त्या फाटक्या साडीतून त्यांनी एक लांब पट्टी काढली आणि एका उंच काठीच्या टोकाला बांधली. त्याचे कारण सांगतो. घर गरम ठेवणारी फर्नेस तळघरात असते. तिचा धूर एका पांढऱ्या पाइपमधून भिंतीबाहेर जातो. आमच्या घराचा पाइप जमिनीपासून फार उंच नाही. मोठे वादळ आले की तो बर्फात बुडतो. मग तो विषारी वायू घरातच मागे फिरतो. पाइप पांढरा, बर्फ पांढरा, मग शोधणार कसा? म्हणून वादळाच्या आदल्या दिवशी सुजाताबाई पाइपाशेजारी ती काठी रोवत. दर दोन-तीन तासांनी बाहेर जाऊन, निळी पट्टी जिथे दिसेल तिथला बर्फ काढत.

कामाची वाटणी ठरलेली होती. "गाडी तुमची, घर माझं," असे त्या म्हणत. रामभाऊ टाकी पूर्ण भरून आणत. गाडीचे तोंड रस्त्याकडे करून ठेवत, वायपर उभे करत. डिकीत वाळूची पिशवी, फावडे, घोंगडी आणि चिवड्याचा डबा ठेवत. घरात सुजाताबाई पोळ्या करून ठेवत, बादल्या भरत, टॉर्चचे सेल बघत. आणि सगळ्यात शेवटी स्टुलावर चढून माझे बटण दाबत. मी जीव खाऊन ओरडत असे.

"अगं, कान फुटले माझे!" रामभाऊ खालून म्हणत.

"फुटू द्या. तसंही तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही."

हा संवाद मी दर हिवाळ्यात ऐकला. तो झाला की मला वाटे, आता वादळ खुशाल येऊ दे.

माझा एक दोष मात्र मान्य करतो. मिरचीच्या फोडणीचा धूर आणि आगीचा धूर यांतला फरक मला कळत नाही. अशा वेळी सुजाताबाई मला खाली काढून खणात ठेवत. पण जेवणे झाली, भांडी घासून झाली की मी परत माझ्या जागी. हे त्या कधीही विसरल्या नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये सुजाताबाई गेल्या. चार महिन्यांचा आजार. त्या दिवसांचे मी काही सांगणार नाही.

त्यानंतर रामभाऊ एकटेच राहू लागले. उपासना दूर ॲन आर्बर गावी विद्यापीठात संशोधन करते. ती महिनाभर राहून गेली. रामभाऊंनी कधी स्वयंपाक केला नव्हता. ते वरणाला फोडणी द्यायला शिकले, म्हणजे ती जाळायला शिकले. रोज मी ओरडायचो, रोज ते दचकायचे. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी त्यांनी मला खाली काढले आणि माझे सेल बाहेर काढले.

"थोडा वेळ गप्प बस बाबा," ते म्हणाले आणि त्यांनी मला खणात ठेवले.

ते ओट्यापाशीच उभ्याने जेवले. ताट तसेच राहिले. मीही तसाच राहिलो, रबर बँड आणि जुन्या किल्ल्यांच्या सोबतीने, दोन महिने.

जानेवारीत मोठ्या वादळाची सूचना आली. खणातून मला सगळे ऐकू येत होते. रामभाऊ टाकी भरून आले. त्यांनी गाडी वळवून लावली, वायपर उभे केले, डिकीत वाळू ठेवली. त्यांचे काम त्यांनी चोख केले. घराचे काम करणारे कोणी नव्हते, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ खिडकीच्या काठाला लागला होता. फर्नेस घरघरत होती. उपासनाचा व्हिडिओ कॉल आला.

"जय भीम बाबा. अहो, तुमचा चेहरा असा का दिसतोय?"

"जय भीम बेटा. डोकं दुखतंय सकाळपासून. मळमळतंय पण. झोप नीट लागत नाही ना, त्याचं असेल."

"बाबा, काठी लावली का?"

"कुठली काठी?"

"आईची! निळी! पाइपजवळची!" तिचा आवाज चढला. "आणि अलार्म? बाबा, वर बघा. अलार्म कुठाय?"

रामभाऊंनी वर पाहिले. छतावर नुसती पांढरी खूण होती. मग खण उघडला आणि दोन महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला. घाईत एक सेल खाली पडला. दुसऱ्या प्रयत्नात सेल बसले. काही क्षण गेले आणि मी ओरडलो. तसा मी आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो.

"बाबा, गेट आउट! गाडी चालू करू नका, काही घेऊ नका, फक्त बाहेर व्हा! मी तिथल्या अग्निशामक दलाला फोन करते."

ते मला हातात धरूनच बाहेर आले. गुडघाभर बर्फात, पायांत घरातल्या सपाता. अग्निशामक दलाची गाडी आली तेव्हा ते तसेच उभे होते. मी ओरडायचा थांबलो होतो.

त्या लोकांनी विचारले, पाइप कुठे आहे? रामभाऊंनी भिंतीकडे पाहिले. सगळीकडे पांढरे. जवळजवळ दहा वर्षे ते त्या घरात राहत होते आणि पाइप कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. फोनवर उपासनाने सांगितले, "किचनच्या खिडकीपासून डावीकडे तीन पावलं. आई मोजायची." बोलता बोलता ती रडू लागली. लोकांनी तिथे खणले. पाइप तिथेच होता, तोंडापर्यंत गच्च भरलेला.

त्यांनी पाइप मोकळा केला, दारे-खिडक्या उघडल्या, फर्नेस तपासली, यंत्राने हवा मोजली आणि मगच रामभाऊंना आत जाऊ दिले. आणखी तासभर गेला असता तर काय झाले असते, हे त्यांच्यातल्या एकाने सांगितले.

त्या दुपारी ते गॅरेजमध्ये गेले. काठी कोपऱ्यात होती, निळी पट्टी व्यवस्थित गुंडाळलेली. मार्चमध्ये, दवाखान्याच्या फेऱ्या सुरू व्हायच्या आधी, सुजाताबाईंनीच ती गुंडाळली असणार. त्यांनी ती उचलून बाहेर आणली. मग त्यांनी तीन पावले मोजून ती बर्फात रोवली.

मित्रांनो, मी तुम्हाला ओरडून खूप त्रास देतो. फोडणीच्या वेळी मला खाली काढलेत तरी माझी तक्रार नाही. पण भांडी घासून झाली की मला परत लावा. माझ्या पाठीवरची तारीख वाचा. वादळाच्या आधी घराबाहेरचा पाइप बघून या. आणि घरातले कोणते काम कोण करते ते आजच विचारा. ते माणूस समोर आहे तोवर त्याच्याकडून शिकून घ्या. नंतर पावले मोजून सांगायला कोणी असेलच असे नाही.

मे महिन्यात माझ्या जागी नवा अलार्म येईल. तो आणून ठेवलेला आहे. पण त्या संध्याकाळी रामभाऊंनी मलाच वर लावले. ते स्टुलावर चढले आणि त्यांनी माझे बटण दाबले. मी ओरडलो. या वेळी त्यांनी कानांवर हात ठेवले नाहीत. मी थांबेपर्यंत ते तसेच वर बघत उभे राहिले.

"ऐकू आलं गं," ते म्हणाले.