पडद्याआधीची घोषणा

घरात तिला सगळे भोंगा म्हणत. नाव दादाने ठेवलेलं. ती मोरीत तान लावायची तेव्हा खालच्या मजल्यावरचा शिंपी खिडकी लावून घ्यायचा. "ऑपेरात माइक नसतो म्हणे," दादा म्हणायचा, "म्हणजे हिच्यासाठीच काढलाय तो प्रकार."

ऑपेरा शिकवणाऱ्या बाईंकडे गेली तेव्हा तिला वाटलं, गाणं शिकवतील. बाईंनी तिला जमिनीवर उताणं झोपवलं, पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवला आणि म्हणाल्या, "श्वास घेतलास की हा वर गेला पाहिजे. खांदे हलले तर घरी." वर्षभर तो शब्दकोशच वरखाली झाला. मग स्वर आले, मग परक्या भाषेतली गाणी. बाईंचा व्यवहार सरळ होता: शिष्येने बाजारहाट करायचा, पाहुण्यांना दार उघडायचं, आणि बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. हात फिरवायला बाई कधी चुकल्या नाहीत.

बाईंची भाची दिसायला देखणी, आवाजाने बरी. नाट्यगृहाने नायिका म्हणून तिला घेतलं आणि भोंग्याला घेतलं तिची बदली म्हणून. सगळी गाणी पाठ करायची आणि विंगेत खुर्ची उबवायची, एवढंच बदलीचं काम.

पहिल्याच प्रयोगाच्या दुपारी भाचीचा घसा बसला. रंगमंचावरच्या हालचाली भोंग्याला कुणी शिकवलेल्या नव्हत्या, आणि भाचीच्या पोशाखात तिचा एक दंडही मावला नसता. अशा वेळी ऑपेरावाल्यांची एक रीत असते: नायिकेने नुसते ओठ हलवायचे, बदलीने कडेला उभं राहून गायचं. मात्र पडदा उघडण्याआधी व्यवस्थापक पुढे येऊन बदलीचं नाव सांगतो.

"माझं नाव घेतील ना, बाई?"

"अगं वेडे, रीतच आहे ती! आणि आज निवड समिती पुढेच बसलीय. पुढच्या हंगामाच्या भूमिका तेच देणार. सोनं झालं समज तुझं."

मग बाईंनी तिला दंडाला धरून दोन पावलं मागे, काळ्या कापडाआड उभं केलं. व्यवस्थापक आलाच नाही. पडदा उघडला. समोर सगळा वाद्यवृंद वाट बघतोय म्हटल्यावर ती गायली, आणि जीव ओतून गायली.

मध्यंतरात तिने बाईंना गाठलं. "घोषणा?"

"लोक तिकिटं परत मागतील गं. शेवटी सांगू."

शेवटी भाचीने फुलं झेलली. बाईंनी पुन्हा पाठीवरून हात फिरवला. "समितीत मीही आहे ना? पुढच्या हंगामासाठी तुझी चाचणी होईल तेव्हा मी स्वतः सांगते."

शिष्या होती, विश्वास ठेवला.

चाचणीला तिने तेच गाणं घेतलं. संपल्यावर समितीचे अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "आवाज चांगला आहे. पण हे तुम्ही परवाच्या नायिकेचं ऐकून उचललंय. श्वास तिथेच, थांबणंही तिथेच. नक्कल सफाईदार आहे, पण आम्हाला दोन-दोन नायिका काय करायच्यात?"

"साहेब, परवा मीच गात होते. विंगेतून. बाईंना विचारा."

अध्यक्षांनी मान वळवली. बाई चष्मा पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

"पोरगी कष्टाळू आहे," त्या म्हणाल्या. "कल्पनाशक्ती जरा जास्त, इतकंच."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं.

बाहेर बाकावर भाची बसली होती, गळ्याला मफलर गुंडाळून. पुढच्या हंगामाच्या करारावर सही करायला आली होती.

"काय म्हणाले?" तिने घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तुझी नक्कल करते म्हणाले."

भाचीने मान खाली घातली. मग तिने भोंग्याचा हात धरला. "मला वाटलं, मावशी सांगेल. खरंच वाटलं गं. पण शुक्रवारी येशील ना? घसा अजून उघडला नाही बघ."

म्हणजे वाईटही वाटलं आणि कामही आठवलं; दोन्ही एका दमात.

भोंग्याने हात सोडवून घेतला. "शुक्रवारी तूच गा. माझी कल्पनाशक्ती जास्त आहे, खरं गाणं मला जमायचं नाही."

"अगं, असं काय करतेस? प्रयोग पडेल! थांब, मावशीला बोलावते."

भोंगा जिन्याकडे निघाली. मागे भाचीने बंद दाराकडे तोंड करून जोरात हाक मारली, निदान मारायला गेली. घशातून नुसती हवा आली. आत पुढच्या उमेदवाराचं गाणं चालू होतं आणि बाई, नेहमीप्रमाणे, मान डोलवत होत्या.