पडद्यामागची खरखर

तर झालं काय, चिमणीनं सकाळपासून चारदा टेबल पुसलं! तिचं आणि लंबूचं लग्न जमणार की फिसकटणार ते आजच कळणार होतं. लंबूचे बाबा म्हणाले होते, "माणसं मोकळी वाटली तरच पुढचं बोलू." आणि आता दोन्ही घरं एका खोलीत, अन् आवाज म्हणाल तर नुसता चमच्यांचा! लंबूचे बाबा सुतार, चिमणीचे बाबा छापखान्यात. एक या भिंतीकडे बघतोय, दुसरा त्या.

"प्रवास बरा झाला?"

"झाला."

संपलं!

मग उठली चिमणीची मावशी. काय बाई आहे राव! चार माणसं गप्प बसलेली दिसली की हिचे हात शिवशिवतात. पिशवी घेऊन गेली पडद्यामागे आणि तिथनंच हुकूम, "आवाज ओळखा! दोघादोघांची जोडी, एक या घरचा, एक त्या घरचा. आधी कुजबुजायचं, मग दोघांचं मिळून एकच उत्तर. दोन आली तर भोपळा!"

आणि दोन्ही बाबा एका जोडीत! चिमणीनं कपाळावर हात मारला.

किल्ल्यांचा जुडगा, फुग्यावर घासलेलं बोट... बाकीचे पटापट ओळखत सुटले. लंबूची आई तर चिमणीच्या दादाला कोपरानं ढोसतेय, "अरे, बाटलीचं झाकण म्हण!" बाबालोकांचा मात्र भोपळ्यावर भोपळा. कुजबुजायला तोंड तर उघडायला हवं!

मग आली खरखर.

"पॉलिश पेपर," सुतारबाबा ताडकन म्हणाले.

"छे हो! कागदाचा गठ्ठा सारखा करतायत," चिमणीचे बाबा.

"अहो, जन्म गेला माझा लाकूड घासण्यात!"

"आणि माझा काय झोपण्यात?"

चिमणीला वाटलं, लग्न मोडलं! ती पडद्याजवळ जाऊन पुटपुटली, "मावशी, सांगून टाक ना गं!"

तर मावशी आतून थंडपणे, "एकच उत्तर हवंय मला. बसा निवांत." आणि पुन्हा खरखर.

सुतारबाबांनी खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढला. लग्नाच्या बोलणीला खिशात पॉलिश पेपर, बोला! टेबलाच्या कडेवर घासला. चिमणीच्या बाबांनी रद्दीचा गठ्ठा ओढून आपटला. दोन टकली एकमेकांना टेकायची बाकी.

"तुमचा आवाज जरा मऊ येतोय हो," चिमणीचे बाबा.

"आणि तुमचा मध्येच तुटतो. हा आतला ऐका, तुटत नाही."

"मग खरखरीतला पेपर घेतला तर?"

"अगदी बरोबर! खरखरीतलाच!"

दोघं एका दमात ओरडले, "खरखरीत पॉलिश पेपर!"

पडदा सरकला. स्टुलावर मावशीचे यजमान, म्हणजे काका, सुट्टी म्हणून दाढी न केलेले, हनुवटी पुढे काढून. आणि मावशी त्या खुंटांवरून निवांत कंगवा फिरवतेय!

सगळे पोट धरून हसले. हे दोघं सोडून.

"हे चालणार नाही," चिमणीचे बाबा.

"मुळीच नाही," सुतारबाबा. "दाढी काय वाजवायची वस्तू आहे?"

दोघांनी खुर्च्या उचलल्या, पडद्याला चिकटवून ठेवल्या. "चला, पुढचा!"

चिमणी चहाचा ट्रे घेऊन आली, तर दोघंही एकदमच वळून तिच्यावर खेकसले, "श्श! ऐकू दे आम्हाला!"