मासा सोडण्याचं कारण

"नदी गं नदी, रोहू दे,
खोकाला भाताची ओढ दे,
एक घास आजोबाला,
उरला काटा बोक्याला."

आई मला भरवताना हे म्हणायची; खोका म्हणजे घरातलं बाळ, म्हणजे मी. वाफेनं ओलावलेला, जरासा नाकातला तिचा आवाज आठवला की अजून तोंडाला मोहरीच्या तेलाची चव येते. बंगालातल्या आमच्या शांतिपुरात पोर आधी मासा ओळखतं, मग मामा. अशा गावात पासष्टाव्या वर्षी मी मासा सोडला.

सांगितलं कुणालाच नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी निताई मासेवाल्यानं माझी सायकल अडवली.

"काका, माझं काही चुकलं का? शिळा दिला होता कधी?"

"नाही रे."

"मग वैष्णव झालात? गळ्यातली कंठी दाखवा बघू."

"सध्या खात नाही, एवढंच."

"काकी गेल्या, त्या तुमची जीभही घेऊन गेल्या वाटतं," तो म्हणाला आणि पाटीवरच्या पाबदा माशांवर पाणी शिंपडत राहिला. त्याच्या बोलण्यात कुचेष्टा होती, पण मायाही होती. अणिमा गेली त्याला पाच महिने झाले होते.

आमच्या अंगणाला दोन चुली. उत्तरेची माझी आणि अणिमाची, दक्षिणेची दीदीची. लाबण्यदीदी माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परतली तेव्हापासून तिची चूल वेगळी, विळी वेगळी, पाटा-वरवंटा वेगळा. तिथं मासा नाही, कांदा नाही, लसूण नाही. गावातल्या बायका लेकींना तिच्याकडे निरामिष स्वयंपाक शिकायला पाठवतात आणि सांगतात, "लाबण्यदीदीला कधी हाव अशी नव्हतीच." दीदी ऐकते, हसते, केळफुलाची बोंडं सोलत राहते.

मला त्या दक्षिणेच्या चुलीवर, तिच्या शेजारी बसून जेवायचं होतं. उरलेली वर्षं.

ते मागायला मी तिच्या उंबऱ्याशी गेलो. आत पाऊल टाकलं नाही. माझ्या हातांना पासष्ट वर्षांचा मासा होता.

"दीदी, मी मासा सोडलाय. मला तुझ्या चुलीवरचं वाढ."

ती खसखस वाटत होती. वरवंटा थांबला नाही. "कारण?"

"गुडघे. डॉक्टर म्हणाले, मासा-मटण कमी करा."

"मग डॉक्टरांकडे जेव."

दुसऱ्या दिवशी मी दुसरं कारण नेलं. "निताईच्या पाटीत एक शिंगी तडफडत होती. डोळा उघडा होता. बघवेना."

"पासष्ट वर्षं मिटलेले होते का त्यांचे डोळे?" दीदी म्हणाली. "खोका, कारण खोटं नाही तुझं. पण ते तुझं नाही. कुणाचं तरी उसनं आणलंयस. उसन्या कारणावर माणूस आषाढापर्यंत टिकतो. नदीत हिलसा आला की पळतो. तेव्हा माझी भांडी कोण शुद्ध करणार?"

"मग शिकव तरी. माझ्या चुलीवर करीन."

शिकवायला तिची ना नव्हती. ती आतून बोलायची, मी उंबऱ्याबाहेर पाटावर बसून ऐकायचो. साड्यांच्या काठांची नक्षी मी जशी चौकटीच्या कागदावर उतरवतो, तसं तिचं बोलणं डोक्यात घर-घर भरून घ्यायचो.

"एकदम संन्यास घेऊ नकोस. आधी दुपारचं सोड, मग रात्रीचं. मासा गेला की ताटात खड्डा पडतो. तो नुसत्या भातानं बुजवायचा नाही. तिथं चावायला काहीतरी ठेव. कच्चा फणस ठेव. त्याला आपल्याकडे झाडावरचा बोकड म्हणतात ते उगाच नाही. हरभऱ्याची डाळ वाटून वड्या तळ, रश्शात सोड. कांद्याची आठवण आली तर हिंग. लसणाची आली तर आलं-जिरं. आणि दोडका-खसखस करताना पाणी घालायची घाई करू नकोस, दोडक्याला त्याचं त्याचं रडू दे."

पहिले पंधरा दिवस मला झोपेतही भूक लागायची. मग हळूहळू जीभ निवली. कारल्याच्या आतला गोडवा कळायला लागला, तांदळातांदळातला फरक कळायला लागला. सकाळी अंग हलकं वाटायचं. ज्या ताटासाठी कुणाचा जीव गेला नाही त्या ताटाशी बसताना मन कसं निवांत होतं, हेही कळलं. माशाच्या उघड्या डोळ्याचं कारण मी उसनं आणलं होतं. ते आता थोडं माझंही झालं होतं. पण खरं कारण अजून घशातच होतं.

चैत्रातल्या एका शनिवारी मी डाळ रांधली. नवी कढई, नवी विळी. पाचफोडणाची फोडणी, वरून हिरवी मिरची. दुपारी वाटी झाकून तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

"आज तू माझ्या हातचं खा."

दीदीनं झाकण उचललं. आधी तिचे खांदे हलले, मग ती पदर तोंडाला लावून हसली.

"अरे वेड्या, ही मसूर."

"मग? डाळच ती."

"आमच्यात मसूर सामिष. कांद्याच्या, माशाच्या पंगतीतली. इतक्या वर्षांत मी शिवलेली नाही, अन् तू दोन महिने निरामिष म्हणून खातोयस?"

"डाळीला काटे असतात का, दीदी?"

"विधवेच्या घशात असतात."

ती हसतच म्हणाली. मला मात्र हसू आलं नाही.

"मग मी कोण?" मी म्हणालो. "माझीही बायको गेली. मला कुणी मसूर सोडायला सांगितली नाही. उलट श्राद्धानंतर नेम मोडायच्या दिवशी चुलतभावानं रोहूचा तुकडा ताटात घातला, म्हणाला, खा दादा, सुतक फिटलं. तू समोर पाण्याचा तांब्या घेऊन उभी होतीस."

"होते. म्हणून काय?"

"मला तुझ्या सासरचा, कालन्याचा दिवस आठवला. जामाईबाबूंच्या श्राद्धानंतरचा. बाबांबरोबर होडीनं आलो होतो मी. त्या पंगतीत सगळ्यांचा नेम सुटला आणि तुझा त्या दिवसापासून सुरू झाला. तू खांबाला टेकून उभी होतीस. आणि मी, सोळा वर्षांचा घोडा, वाढप्याला हाक मारून आणखी एक तुकडा मागितला. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली बघून खाल्ला, काटेसुद्धा चोखले. हे आहे कारण. अणिमाच्या वेळी तो घास गिळवेना; पुढे काही महिने रेटून खाल्ला, मग सोडलाच."

अंगणात एक साळुंकी उतरली, पाणी पिऊन गेली. दीदीनं झाकण पुन्हा वाटीवर ठेवलं.

"सकाळपासून होडीत होतास," ती म्हणाली. "भूक लागली होती तुला."

"हो."

"माझी कीव करतोयस?"

"नाही. लाज वाटते."

तिनं भिंतीला टेकवलेला दुसरा पाट काढला, पुसला, स्वतःच्या पाटाशेजारी मांडला. "हातपाय धुऊन आत ये. मसूर राहू दे बाहेर."

भात होता, शुक्तोची कडू-गोड भाजी होती, कच्च्या फणसाचा रस्सा होता. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा आम्ही भाऊ-बहीण एका ओळीत जेवत होतो. ती लहान लहान घास घेते, हे मला तोवर माहीत नव्हतं.

भात निम्मा झाला तेव्हा मी विचारलं, "दीदी, तुला तेव्हा सोडायचा होता का?"

तिचा हात ताटात थांबला.

"नाही रे," ती म्हणाली. "मला मासा फार आवडायचा, खोका."